सरकीला कोण विचारतं?

त्यांच्या शर्टाला पोटाशी एक ओला डाग असायचा. बेंबीच्या जरा वर, हाताच्या पंजाएवढा. थंडी असो, ऊन असो, डाग कायम. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी तो पाहिला आणि मनात म्हटलं, बिचाऱ्यांना काहीतरी दुखणं दिसतंय, विचारू नये. चौथ्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. मी दार लावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात त्यांना एका चांगल्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. माझा सभ्यपणा हा असा नको तिथे उगवतो.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग शर्टाची दोन बटणं काढली, पोटाला गुंडाळलेलं एक ओलं फडकं सोडलं आणि टेबलावर उलगडलं. आत ओळीनं सरकी मांडलेली होती. कापसाचं बी, शंभर दाणे. बहुतेक दाण्यांतून पांढरे मोड बाहेर आले होते.

"अंगाची ऊब," ते म्हणाले. "मशीनला लाइट लागते. लाइट गेली की मशीन थंड. मी आजून थंड झालो न्हाई."

मग फडकं पुन्हा पोटाला बांधलं, बटणं लावली आणि म्हणाले, "डॉक्टर चांगले असतील तर नाव लिहून ठेवा. गुडघ्याला कामी येतील."

जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. मी शेतकी कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला, म्हणून ते मला पदवीधर म्हणायचे. हा शब्द ते अशा काही सुरात उच्चारायचे की पदवी परत करून यावंसं वाटे. काम सोपं होतं. पिशव्यांतून नमुने यायचे, त्यांतले दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळून जर्मिनेटरमध्ये, म्हणजे कपाटाएवढ्या उबदार यंत्रात ठेवायचे, आणि बाराव्या दिवशी किती उगवले ते मोजून रजिस्टरात लिहायचं. ज्या नमुन्याचा सरांना संशय येई तो यंत्रात जायचाच, शिवाय सरांच्या पोटावरही जायचा. यंत्राचा आकडा कागदावर, पोटाचा आकडा मनात.

जर्मिनेटरची ऊब पाहून पहिल्याच आठवड्यात मला एक शोध लागला. मी माझा जेवणाचा डबा त्यात ठेवायला लागलो. दुपारी पोळ्या अशा मऊसूत मिळायच्या की घरीही मिळत नसत. तिसऱ्या दिवशी सगळ्या नमुन्यांना लसणाच्या ठेच्याचा वास यायला लागला. संध्याकाळी रजिस्टर उघडलं तर त्यांच्या वळणदार अक्षरात नोंद होती. नमुना: पोळ्या चार, ठेचा. मुदत: तीन तास. उगवण: नाही. शेरा: नमुना विश्लेषकाने खाल्ला.

शेऱ्यावर त्यांचा फार जीव. शेऱ्याचा रकाना त्यांनी कधी रिकामा सोडला नाही. 'दाणे भरदार', 'वेचणी पावसात सापडली असावी', 'उगवण बरी पण रोपं आळशी', असं काहीतरी असायचंच. "आकडा काय, कोणीबी मोजतं," म्हणायचे. "शेरा न्हाई लिहिला तर आकडा अनाथ होतो."

आमच्या जालन्यात बियाण्याला सगळे माल म्हणतात. हमाल, ट्रकवाले, दुकानदार, खुद्द मालक. "सर, माल पास झाला का?" असं कोणी विचारलं की सर ऐकू न आल्यासारखं करायचे. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचे, "माल सळईला म्हणतात. ह्याच्यात जीव हाय." तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला हाताला धरून ते उगवणीच्या खोलीत नेत. तिथला दमट उकाडा म्हणजे बंद तोंडात बसल्यासारखा. दहा मिनिटं बसवून ठेवायचे आणि विचारायचे, "आता सांगा, तुम्ही माल आहात का?" एका दुकानदाराला चक्कर आली. त्याला सरांनीच कांदा हुंगवला, लिंबूपाणी पाजलं. पण शब्द मागे घेतल्यावर.

दुसरा त्यांना न चालणारा शब्द म्हणजे 'मेलं'. बाराव्या दिवशी न उगवलेले दाणे आम्ही वेगळे काढायचो. जे कुजले ते गेलेच. पण काही दाणे घट्ट मिटून बसलेले असत, ना कुजलेले ना उगवलेले. रजिस्टरात त्यांची नोंद न उगवलेले म्हणूनच व्हायची, तो नियम. पण मी तोंडानं "हे मेले" म्हटलं की सर रागवायचे. "झोपलंय ते. तुम्ही सकाळी किती वाजता उठता, पदवीधर?" आणि ते दाणे खिडकीतल्या एका पत्र्याच्या डब्यात, ओल्या वाळूत पुरून ठेवायचे. पंधराव्या, अठराव्या दिवशी एखादा दाणा खरंच वाळू उचलून वर यायचा. तेव्हा मला हाक मारून दाखवायचे. "रजिस्टरात आता घेता येत न्हाई. पर आपल्याला माहीत असावं."

आणि तिसरा नियम, जो कंपनीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता: "पास झालं तर फोन करा. नापास झालं तर बस पकडा." ज्याच्या शेतातलं बी नापास झालं त्याला ते स्वतः जाऊन, त्याच्या ओट्यावर बसून सांगायचे. गुडघे दुखत असताना, लाल डब्यात उभं राहून. एकदा परतूरच्या गाडीत गर्दीत त्यांच्या पोटावरचं फडकं दाबलं गेलं आणि पाण्याची धार शेजारच्या माणसाच्या पायावर. तो माणूस बिचारा खाली बघेना, वर बघेना. सर त्याला शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, कापूस हाय." त्यानंतर तो माणूस पुढच्या थांब्याला उतरला. त्याचं गाव तेच होतं की नाही, देव जाणे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे यायला हवं. इतका वेळ मी हसण्यावारी नेत होतो, ते तिकडे यायचं नव्हतं म्हणून.

सरांचा एक प्रश्न होता. अलीकडे कपाशीवर संजीवकं फवारायची पद्धत सगळीकडे झाली आहे. संजीवक म्हणजे खत नव्हे आणि कीडनाशकही नव्हे. झाडाला आतून हुकूम सोडणारं थेंबभर रसायन. एक फवारलं की पातेगळ, म्हणजे कळ्यांची गळ, थांबते, फुलं झाडावर टिकतात. दुसरं फवारलं की माजलेलं झाड उंची थांबवतं. बोंडं वाढतात, शेतकरी खूश, विकणारा खूश. पण आमचा धंदा बोंडांचा नव्हता, बोंडातल्या बियांचा होता. बीजोत्पादनाच्या शेतात तर एकेका फुलाचा संकर बाया हातानं करतात. आज फुलातले केसर नखानं काढायचे, उद्या सकाळी नराचं फूल त्यावर फिरवायचं, दोरा बांधायचा. त्या इतक्या बोटांच्या कष्टानं झालेल्या बियाचं, त्या हुकुमांनी काय होतं? दाणा भरतो की पोचट राहतो? साठवल्यावर उगवतो का?

"झाडाला विचारता, बोंडाला विचारता," सर म्हणायचे, "सरकीला कोण विचारतं?"

त्यांचं स्वतःचं मत असं की मात्रा अगदी बेताची आणि वेळ नेमकी असली तर बी सुधारतं, कारण पानांत उधळलं जाणारं अन्न दाण्यात उतरतं. आणि मात्रा चुकली तर बोंडं शंभर आणि दाणे भिकार. पण हे मत होतं. मतावर शेरा लिहीत नाहीत. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं तेव्हा त्यांनी मालकांना गाठलं. मालक म्हणाले, "एक पट्टा करून बघा. चांगलं निघालं तर दर वर्षी तुम्हाला शेताचा एक कोपरा देतो आणि निवृत्तीनंतरही तीन वर्षं तुम्हीच ते बघा." सर त्या दिवशी परत आले ते दोन्ही बाजूंना फडकी बांधल्यासारखे फुगून.

पट्ट्यासाठी त्यांनी आष्टीजवळच्या अक्कांचं शेत निवडलं. अक्कांचे यजमान परतूरला शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर, शेती सगळी अक्कांच्या हातात. त्यांच्या शेतातलं बी एकदाही नापास झालेलं नव्हतं आणि हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाच्या आधी सांगत. सरांना म्हणाल्या, "माझं बी आजवर फिरून आलं न्हाई. तुमच्या भरोशावर देते." दोन पट्टे ठरले. एकावर सरांच्या मात्रेनं संजीवक, दुसऱ्यावर नुसतं पाणी. सरांचे गुडघे त्या पावसाळ्यात पार गेले होते. म्हणून फवारणी करायला, पुढे झाडांवर लक्ष ठेवायला आणि फोटो पाठवायला पदवीधर.

सरांनी स्वतः मोजून एकेका पंपाला एकेक अशा छोट्या बाटल्या भरून दिल्या. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी. मला तीनदा म्हणून दाखवायला लावलं. कंपनीचा बॅटरीवर चालणारा नवा पंप दिला आणि म्हणाले, "बॅटरी चार्ज करून जा."

आष्टीत मी ज्या खोलीवर उतरलो तिथे प्लगची जागा एक होती. मी मोबाइल लावला.

पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालं आहे. सकाळी शेतात पंपानं दोन शिंतोडे उडवले आणि मान टाकली. पंप तिथेच बांधावर निजवून मी शेजारी अक्कांच्या धाकट्या दिरांच्या उसात गेलो आणि त्यांचा पंप मागून आणला. देताना ते म्हणाले, "धुऊन घ्या बरं का साहेब. उसात तणनाशक मारलंय त्याच्यानं." पंपाला फिनेलसारखा उग्र वास येत होता. आता शेतकी पदवी घेतलेल्या माणसाला हे पाठ असतं की उसातलं ते रुंद पानाचं तण मारणारं औषध स्वतःच एक संजीवक आहे, दांडगं संजीवक, आणि कपाशीला त्याचा नुसता वासही सोसत नाही. परीक्षेत मी त्यावर पाच गुणांचं उत्तर लिहिलं होतं. शेतात मी पंपात एक तांब्या पाणी घातलं, पाहुण्याचा पेला विसळतात तसं खळखळवलं आणि ओतून दिलं. ऊन चढत होतं. पाण्याचा पट्टा तर मी फवारलाच नाही. पहाटे भुरभुर झाली होती, म्हटलं निसर्गानं माझं अर्धं काम केलं.

आठ-दहा दिवसांनी गेलो तर संजीवकाच्या पट्ट्यातली नवी पानं भेंडीच्या पानांसारखी झाली होती. लांबुळकी, चिरलेली, बदकाच्या पायासारखी पसरलेली. शेंडे वेडेवाकडे. कोणीही बघावं आणि ओळखावं, इतकं स्पष्ट.

मी काय केलं असेल? फोन काढून सरांना सांगितलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला अजून ओळखलेलं नाही. मी दुपारभर बसून ती वाकडी पानं खुडली. दोन पोती. अक्का बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"काय करून राह्यले, भाऊ?"

"पानं घेतोय. तपासणीला."

"एवढी?"

"तपासणी मोठी आहे."

त्यांनी भरलेल्या पोत्यांकडे पाहिलं आणि निघून गेल्या. पानं मी खड्ड्यात पुरली. सरांना फोटो पाठवले ते शेजारच्या, न फवारलेल्या पट्ट्याचे. एक नाही, चार बाजूंनी. सरांचं उत्तर आलं: 'पानं समाधानी दिसतात.'

कापूस वेचला गेला, सरकी निघाली, नमुने आले. सरांनी दोन्ही नमुने आपल्या हातानं मोजले. पहिल्या दाण्याला ते 'एक' म्हणत नसत, खळ्यावर धान्य मोजताना म्हणतात तसं 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन. त्या दिवशी 'लाभ' जरा मोठ्यानं म्हणाले. यंत्रात एक संच ठेवला, दुसरा पोटाशी. बारा दिवस ते पोटावर हात ठेवून हिंडत होते, दिवस गेलेल्या बाईसारखे, आणि मी बारा दिवस स्वतःची समजूत घालत होतो की झाडानं सोसलं असेल, बोंडात उतरलं नसेल.

बाराव्या दिवशी त्यांनी कागद उलगडले. पाण्याच्या पट्ट्याचा नमुना नेहमीसारखा, सरळ उभ्या रोपांचा. संजीवकाचा नमुना उलगडला आणि ते थांबले. निम्मे दाणे उठलेलेच नव्हते. जे उठले होते त्यांचे देठ सुजल्यासारखे जाड, पिळलेले, आणि दोन डाळिंब्या, म्हणजे बियातली पहिली दोन पानं, एकमेकींना चिकटलेल्या, दोन्ही हात बांधल्यासारख्या. त्यांनी चष्मा पुसला. एक रोप चिमटीत धरून उजेडाकडे नेलं.

"फवारलं तेव्हा वारा होता का?"

"नाही, सर."

"कोणी शेजारी काही मारत होतं?"

"नाही, सर."

त्यांनी रजिस्टर ओढलं, आकडे लिहिले, 'नापास' लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवून बसून राहिले. मग पेनाला टोपण घातलं. रकाना तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आष्टीची बस पकडली. मी सोबत येतो म्हणालो नाही. ते परत आले तेव्हा मला म्हणाले, "पदवीधर, चला, चहा घेऊ." तीन वर्षांत त्यांनी मला कधी बाहेर चहाला नेलं नव्हतं. टपरीवर आम्ही अर्धा तास बसलो. ते एक शब्द बोलले नाहीत. दोन चहा प्याले आणि माझ्याकडे बघत राहिले. शांतता मला सोसत नाही. मी अर्धा तास माझ्या गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोललो.

मालकांपुढे ते म्हणाले, "संजीवकाचा दोष न्हाई. प्रयोगात चूक झाली. प्रयोग माझा." मी शेजारीच उभा होतो. त्या खोलीतल्या पंख्याला तीन पाती आहेत आणि एका पात्यावर रंगाचा ओघळ आहे, हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. मालक भले माणूस. म्हणाले, "सर, पुष्कळ केलंत. आता आराम करा." शेताचा कोपरा गेला, तीन वर्षं गेली. निरोपाच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला. शाल सरांनी नीट पांघरून घेतली आणि थोड्या वेळात ती पोटाशी ओली झाली.

मी त्यांच्याकडे जात राहिलो. जालन्यातच, मस्तगडमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या, काकू आणि ते. महिन्या-दोन महिन्यांनी माझी फेरी व्हायची. काकू पोहे करायच्या. पोहे झाले की सर एक प्रश्न विचारायचे. दर वेळी एकच, आणि दर वेळी नवा.

"पदवीधर, अक्काच्या विहिरीचं पाणी खारं होतं का?"

"असेल, सर."

पुढच्या वेळी, "बाटल्यांतली एखादी उन्हात राहिली होती का?"

"राहिली असेल."

"दव होतं का पानांवर? आठवून सांगा. घाई न्हाई."

"असेल, सर. पहाट होती."

पोटाशी फडकं बांधलेलंच असायचं. त्या नापास पट्ट्याची मूठभर सरकी त्यांनी डब्यात जपून ठेवली होती आणि तीच थोडी थोडी बांधत. आता ती काय उगवणार? मला वाटायचं, म्हातारा माणूस आपली चूक शोधतोय, आणि ती चूक समोर बसून त्यांचे पोहे खातेय. दर वेळी जिना चढताना मी ठरवायचो की आज सांगायचं. दर वेळी उतरताना ठरवायचो की पुढच्या वेळी. जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे. इतक्या वेळात माणूस कितीही निर्धार करू शकतो.

एकदा असेच पोहे झाले. काकू आत गेल्या. सर म्हणाले, "पदवीधर, पंप कोणाचा होता?"

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. मी तो खाली ठेवला. इतक्या वर्षांत कोणी इतकी सोपी, इतकी सरळ वाट माझ्यासमोर मोकळी केली नव्हती. फक्त "दिरांचा" एवढा एक शब्द म्हणायचा होता.

"कंपनीचा, सर," मी म्हणालो. आणि पुरेसं वाटलं नाही म्हणून जोडलं, "नवा होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. टपरीवर बघत होते तसेच. मग म्हणाले, "मंग माझंच चुकलं." आत वळून काकूंना सांगितलं, "चहा टाका, पदवीधरांना जायचंय."

त्यानंतरही मी जात राहिलो. सर गुडघ्यांबद्दल बोलायचे, पाणी किती दिवसांनी येतं ते सांगायचे, माझ्या मुलीचं विचारायचे. प्रश्न मात्र पुन्हा विचारला नाही. आणि त्यांचा शर्ट मी त्यानंतर कोरडाच पाहिला.

ते गेले तेव्हा मी त्यांच्याच खुर्चीत बसत होतो. हो, प्रयोगशाळेचा प्रमुख आता मी आहे. कंपनीनं माझ्यात काय पाहिलं, ते कंपनीला विचारा. फोन आला तेव्हा मी एका नमुन्याचे दाणे मोजत होतो. मोजणी चुकली. पुन्हा मोजायला घेतली, पुन्हा चुकली.

माती देऊन आल्यावर मला आठवलं की अक्कांना कोणी कळवलं नसेल. नंबर होता माझ्याकडे. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. सकाळी आष्टीची बस पकडली.

अक्का ओट्यावर बसून तूर पाखडत होत्या. आता केस पांढरे झाले आहेत. मी सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "ह्याच ओट्यावर बसले होते. नापास सांगाया आल्ते तव्हा. म्हणले, अक्का, तुमचं बी फिरलं, माझ्यामुळं फिरलं. म्या म्हणलं, सर, तुमच्यामुळं कशानं? पंप आमच्या दिराचा होता, उसातला. तुमच्या मानसानं इसळल्यावानी केलं, धुतला न्हाई. पानं बी खुडली दोन पोती. म्या सोता पाह्यलं."

मी ओट्याची कड धरून बसलो होतो.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय न्हाई. पाणी पेले. जाताना म्हणले, अक्का, हे कुठं बोलू नका. पोरगं वाईट न्हाई. त्याचं तो सांगल. त्याला घाई करू नका."

म्हणजे टपरीवरचे ते दोन चहा. खारं पाणी, उन्हातली बाटली, दव. त्यांनी एकदाही स्वतःची चूक शोधली नव्हती. चूक त्यांना या ओट्यावरच सापडली होती. ते दर फेरीला माझ्यासाठी एकेक दार किलकिलं करत होते, आणि मी दर वेळी बाहेरून कडी घालून, पोहे खाऊन उतरत होतो. खिडकीतल्या त्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी मलाही ठेवलं होतं, ओल्या वाळूत. बारावा दिवस कधीच उलटून गेला होता. पंपाचं विचारलं तो शेवटचा दिवस. 'मंग माझंच चुकलं' म्हणाले ते मात्रेबद्दल नव्हतं.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. "सांगितलं ना तुम्ही त्यायला?"

मी पाणी मागितलं.

त्या उठल्या, आत जाऊन तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला आणि पुन्हा सूप उचललं. मीही निघायला फार वेळ लावला नाही.

जालन्याला उतरलो तो सरळ प्रयोगशाळेत गेलो. जुन्या रजिस्टरांचं कपाट उघडलं. ते वर्ष सापडेना. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, जुनी रजिस्टरं तर तुम्हीच सही करून रद्दीत घातली ना, मागच्या दिवाळीत. कपाटाला जागा पाहिजे म्हणून."

सही माझीच असणार.

संजीवकांनी सरकीचं काय होतं, हे आमच्या कंपनीत त्यानंतर कोणी तपासलं नाही. मीही नाही. दुकानांतून बाटल्या जातात, शेतांतून बोंडं मोजली जातात. तो एक रकाना तेवढा सरांनी आयुष्यात रिकामा सोडला, आणि आष्टीहून आल्यावरही तो का भरला नाही, ते आता मला माहीत आहे. त्यात लिहिण्याचा हक्क त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवला होता. रजिस्टर राहिलं नाही, म्हणून इथे लिहितो.

नमुना: कापूस, आष्टी, संजीवकाचा पट्टा. निकाल: नापास. शेरा: प्रयोगात दोष नाही. मात्रा बरोबर होती. पंप उसातला होता, मी धुतला नव्हता.